जुन्या गाडीचे नवे काळीज

जन्मभर मुलांना व्याकरण आणि निबंध शिकविणाऱ्या माणसाने मोटारीच्या इंजिनाविषयी लेख लिहावा, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. आमच्या सहकाऱ्यांनाही ते तसेच वाटले. परंतु ज्या घरात एक जुनी मालवाहू गाडी हीच पोटापाण्याची बाब असते, त्या घरातील माणसास इंजिनाचे व्याकरण शिकल्यावाचून गत्यंतर नसते. आम्हांस ते शिकावे लागले, आणि त्याची फी बरीच जबर पडली. जुनी गाडी चढ चढेना म्हणून तीत मोठे इंजिन बसवावे, हा विचार आजही अनेक कुटुंबांत होत असेल. त्यांच्या उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने ही हकीकत लिहीत आहोत.

आमच्या आप्पांनी ती पिक-अप १९८६ साली घेतली. जीपच्या घराण्यातली, चौकोनी तोंडाची, मागे उघडा हौदा असलेली. बेळगावच्या बाजारातून कोबी, मिरची, बटाटे आणि आपल्याकडची रताळी भरायची. हिंडलगा, शिनोळी, चंदगड तालुका ओलांडून आंबोलीचा घाट उतरायचा. माल सावंतवाडीस टाकायचा. आणि येताना नारळ, सुकी मासळी, हंगामात आंब्याच्या पेट्या घेऊन तोच घाट चढायचा, असा त्यांचा क्रम होता. याच गाडीच्या उत्पन्नावर आमचे एम. ए. झाले. आप्पा १९९६ साली गेले आणि गाडी धाकट्या बंधूंच्या हाती आली. आम्ही तेव्हा साहाय्यक शिक्षक होतो, बंधूंचे वय अवघे बावीस.

दोन वर्षांत गाडीची दशा पाहवेना. रिकामी असताना ती ठीक धावे. भरलेली असताना मात्र दाणोली सोडून चढ लागला की काळा धूर ओकू लागे. दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर, पहिल्यावर आली की पाणी उकळे, आणि मग वळणावर थांबून रेडिएटरवर ओली पोती टाकायची. मासळी वेळेवर बाजारात पोचेना. मागून येणारे नव्या गाड्यांचे चालक हॉर्न वाजवीत निघून जात. एका रात्री बंधू जेवता जेवता म्हणाले, "दादा, एकतर ही विकू या, नाहीतर हिला मोठं इंजिन घालू या. असं रोज मरण नको."

चढाचा हिशेब

आम्ही मास्तर असल्यामुळे प्रथम पाटी-पेन्सिल घेतली. अश्वशक्ती हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो, परंतु त्याचा अर्थ सोपा आहे. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलावयाचे, ही एक अश्वशक्ती. आमची गाडी मालासकट अडीच टन. घाटात पंधरा मीटर चालल्यावर एक मीटर वर जावे असा चढ धरू. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे साडेपाच मीटर. त्याचा पंधरावा भाग, म्हणजे गाडी सेकंदास ३७ सेंटिमीटर वर जाते. अडीच हजार किलो सेकंदास ३७ सेंटिमीटर उचलण्यास १२ अश्वशक्ती लागते. टायरांचे घर्षण आणि गिअरांतली गळती धरली तर आणखी थोडी. म्हणजे हिशेबाने वीस अश्वशक्तीच्या आत काम भागावे.

आणि आमच्या इंजिनाची शक्ती तर कागदोपत्री साठ-बासष्ट होती! फ्रान्सच्या प्यूजो घराण्याचे ते २११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन होते. मग घोडे अडले कुठे?

त्याचे उत्तर आम्हांस उद्यमबागेतील एका वृद्ध मिस्त्रींनी दिले. बेळगावकरांस उद्यमबागेचे महत्त्व सांगावयास नको. ओतशाळा, लेथ, बोअरिंगची यंत्रे यांच्या खडखडाटातच आपल्या गावाची निम्मी भाकरी भाजली जाते. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, ते साठ घोडे इंजिन मिनिटाला साडेचार हजार फेऱ्या घेईल तेव्हा. घाटात वळणावर फेऱ्या दोन हजारांवर आल्या की निम्मेसुद्धा घोडे जागेवर राहत नाहीत बघा. चढाला घोडे लागत नाहीत, ओढ लागते."

ओढ म्हणजे इंजिनाने दांडा फिरविण्यास लावलेला पीळ. हा पीळ आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. लहान इंजिन वेगाने फिरून शक्ती पुरी करते, परंतु घाटातील वळण त्याला वेगाने फिरू देत नाही. मोठ्या इंजिनाच्या प्रत्येक फेरीत हवा अधिक, डिझेल अधिक, म्हणून पीळही अधिक. ते कमी फेऱ्यांवरही तग धरते. एवढे तत्त्व कळले तरी अर्धे काम झाले.

आधी रोग, मग औषध

मिस्त्रींनी लगेच इंजिन बदलू दिले नाही, ही त्यांची थोरवी. आधी त्यांनी गाडीची चारही चाके जॅकवर उचलून हाताने फिरविली. एक चाक ब्रेक चिकटल्यामुळे जड फिरत होते. हवेची गाळणी साफ केली. नोझल काढून फवारा पाहिला. दोन नोझल फवारा न मारता थेंब टाकीत होते. क्लच घसरतो का ते पाहिले. शेवटी चारही सिलिंडरांचा दाब मोजला. तिसऱ्याचा दाब इतरांच्या मानाने फारच कमी भरला. काळ्या धुराचे आणि अशक्तपणाचे अर्धे कारण तेथेच होते.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, पुष्कळ जुन्या गाड्या दुबळ्या नसतात, आजारी असतात. पंप-नोझल, गाळणी, व्हॉल्व्हचे अंतर, ब्रेक आणि क्लच यांची तपासणी केल्यावाचून मोठ्या इंजिनाचा विचार करणे म्हणजे हिवतापाच्या रोग्यास तालमीत पाठविणे होय.

आता प्रश्न असा होता की, जुने इंजिन बोअर करून नवे पिस्टन घालावे, की मोठे बसवावे? बोअर केल्याने इंजिन नवे झाले असते, परंतु मोठे झाले नसते. आणि बंधूंचा धंदा तर आप्पांच्या वेळेपेक्षा वाढला होता. मोठ्या इंजिनाचे दोन पर्याय होते. एक, ट्रॅक्टरच्या कुळातले २५२३ घनसेंटिमीटरचे. याचे मूळ इंटरनॅशनल बी-२७५ या ट्रॅक्टरच्या इंजिनात. पिस्टनची धाव चार इंच, फेऱ्या कमी, ओढ दांडगी, डिझेल बेताचे. परंतु हादरे पुष्कळ, आणि आमच्या गिअरबॉक्सशी त्याची तोंडमिळवणी नव्हती. दुसरा, जुन्याच घराण्यातला थोरला भाऊ. जुन्याचा सिलिंडर ९० मिलिमीटर व्यासाचा आणि धाव ८३. थोरल्याचा व्यास ९४ आणि धाव ९०. गुणाकार केला तर २४९८ घनसेंटिमीटर येतात. म्हणजे सुमारे १८ टक्के वाढ. मिस्त्रींचा कल याच्याकडे होता. "सोयरीक घरातल्या घरात बरी, गुरुजी. नट-बोल्ट ओळखीचे असतात," असे ते म्हणाले.

खरोखर, इंजिन बदलण्याच्या कामात इंजिन हाच सर्वांत सोपा भाग आहे. अडचण असते ती त्याच्या शेजाऱ्यांची. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे बेल हाउसिंग जुळले नाही, तर मध्ये पोलादी तबकडी घालावी लागते, आणि तिचे मध्य केसभर चुकले तरी गिअरबॉक्सचा दांडा आणि बेअरिंग खाऊन टाकते. इंजिनाचे रबरी फाउंडेशन, सायलेन्सरचा पाइप, पंख्याचे रेडिएटरपासूनचे अंतर, डिझेलच्या नळ्या, ॲक्सिलरेटरची दोरी हे सारे नव्याने मांडावे लागते. अधिक डिझेल जळणार म्हणजे उष्णताही अधिक होणार, म्हणून रेडिएटर मोठा हवा. क्लच मोठ्या इंजिनाचाच घ्यावा. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि मागचे क्राउन-पिनियन यांना हा नवा पीळ रोज सोसायचा असतो, म्हणून तेही उघडून पाहावेत.

पैसा कुठून आणायचा? पतसंस्थेचे कर्ज बंधूंच्या नावे काढले, जामीन आम्ही राहिलो. तरीही तूट राहिली. आईने काही न बोलता हातातल्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. आप्पांनी त्या गाडीच्या पहिल्या वर्षाच्या कमाईतून केल्या होत्या. "गाडीच्याच होत्या, गाडीलाच लागू देत," एवढेच ती म्हणाली.

घाटातली सकाळ

येथे आमच्या हातून मोठी चूक झाली. वृद्ध मिस्त्रींच्या हाती तेव्हा दुसरे काम होते. ते महिनाभर थांबा म्हणाले. हंगाम हातचा जाईल या धास्तीने बंधूंनी आणि आम्ही मिळून दुसऱ्या एका गॅरेजात काम दिले. तेथे अपघातात सापडलेल्या गाडीचे इंजिन मिळाले आणि आठवड्यात बसविलेही गेले. ब्रेकचे काय, असे आम्ही विचारले. "ब्रेक चालू आहेत की, त्यांना कशाला हात लावायचा?" असे उत्तर आले आणि ते आम्हांस पटले. पैसेही संपत आले होते.

१९९८ च्या नोव्हेंबरातील रविवार. नव्या इंजिनाची पहिली भरलेली खेप. जामीनदार या नात्याने आम्ही बंधूंच्या शेजारी बसलो होतो. हौद्यात बटाटे आणि रताळी, नेहमीपेक्षा आठ-दहा पोती अधिकच. कारण गाडी आता 'ओढते' ना! आंबोलीपर्यंतचे चढउतार तिने अशा डौलात काटले की बंधू गाणे गुणगुणू लागले. पहाटेचे धुके होते. आंबोली गाव सोडले आणि उतार लागला.

जुन्या इंजिनाच्या काळी आप्पा हा घाट दुसऱ्या गिअरमध्ये रांगत उतरत. बंधू तिसऱ्यात उतरू लागले, आणि प्रत्येक वळणापूर्वी ब्रेक दाबू लागले. चार-पाच वळणे झाली. मग जळक्या रबरासारखा वास आला. आम्ही खिडकीतून मागे पाहिले; मागच्या चाकातून निळसर धूर निघत होता. पुढच्या वळणाला बंधूंनी ब्रेक दाबला तो पाय पार तळाला गेला आणि गाडी जणू ऐकेनाशी झाली.

त्या क्षणी बंधूंनी जे केले त्यामुळे आज हा लेख लिहिता येत आहे. त्यांनी पेडल भराभर पंप केले, इंजिन किंचाळत असताना दुसरा गिअर घातला, हँडब्रेक ओढला आणि दरीकडे न पाहता गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. डावा पंखा दगडावर घासत, ठिणग्या उडवीत ती पंचवीस-तीस हात गेली आणि कललेल्या अवस्थेत थांबली. कोणी काही बोलले नाही. फुटलेल्या पोत्यातून रताळी रस्त्यावर घरंगळत होती, आणि थोड्याच वेळात माकडांची एक टोळी येऊन त्यांचा फडशा पाडू लागली. बंधूंचे हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते. ते आम्हीच एक एक बोट सोडवून काढले.

घरी आल्यावर आईपासून ही गोष्ट लपवावी असे बंधूंना वाटत होते. आम्ही लपविली नाही. तिने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, "पळायचं शिकवलंत तिला. थांबायचं कोण शिकवणार होतं?"

थांबण्याचा हिशेब

चढाचा हिशेब आम्ही केला होता. उताराचा केलाच नव्हता. तो येथे मांडतो. अडीच टनाची गाडी पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा तिच्या वजनात साठलेली सर्व ऊर्जा कुठेतरी जावी लागते. इंजिनाने ती अडविली नाही तर ती ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन उतरते. ही उष्णता किती? साध्या थंडीच्या दिवसातले सुमारे चाळीस लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. एवढा बंब चार लहान ड्रममध्ये पेटल्यावर लायनरची पकड सुटते; ड्रम तापून फुगतो, लायनरला अधिक अंतर जावे लागते, आणि पेडल तळाला जाते. शिवाय वेगाचा दंड वर्गाने वाढतो. ताशी ३० ऐवजी ४० किलोमीटरने जाणारी गाडी थांबवावयास सव्वापट नव्हे, पावणेदोन पट ऊर्जा जिरवावी लागते.

इंजिन बसविणाराने इंजिन बसविले होते. परंतु गाडीचा वेग वाढला, माल वाढला, चालकाचा आत्मविश्वास वाढला. ब्रेक तेवढे १९८६ सालचेच राहिले. दोष केवळ गॅरेजाचा म्हणून कसे चालेल? महिनाभर थांबण्याचा धीर नव्हता तो आम्हांला, आणि पोती मोजली होती ती आम्हीच.

गाडी पुन्हा उद्यमबागेत गेली. वृद्ध मिस्त्रींनी रागावण्याचा अधिकार असूनही एक शब्द काढला नाही. त्यांनी ड्रम लेथवर चढवून गोल करून घेतले, नवे लायनर, नवे व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर बसविले, हँडब्रेकची तार बदलली. ब्रेकला व्हॅक्यूमचा बूस्टर जोडला. येथे एक बारकावा सांगण्याजोगा आहे. पेट्रोलच्या इंजिनात हवा अडविणारी झडप असल्याने शोषणाचा जोर आपोआप निर्माण होतो आणि बूस्टर त्यावर चालतो. डिझेल इंजिनात अशी झडप नसल्याने तो जोर मिळत नाही. त्यासाठी निराळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो नसेल किंवा त्याची नळी तडकली असेल तर बूस्टर असूनही पेडल दगडासारखे लागते. डिझेलच्या जुन्या गाडीला बूस्टर बसवून घेताना पंपाची चौकशी अवश्य करावी.

गाडी परत देताना मिस्त्रींनी बंधूंना दोन गोष्टी सांगितल्या. ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. आणि इंजिन मोठे झाले म्हणून हौदा मोठा झाला असे समजू नकोस. दुसरी गोष्ट कायद्याचीही आहे. गाडीच्या नोंदणीत जे एकूण वजन लिहिलेले असते ते चौकट, स्प्रिंगा, ॲक्सल, टायर आणि ब्रेक यांवर ठरते. इंजिन बदलल्याने ते एका किलोनेही वाढत नाही.

कागदाचे काम

कागदाच्या बाबतीत मात्र आम्ही सावध होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनातील बदलांविषयी आहे. इंजिन बदलले की आर. सी. बुकातील इंजिन क्रमांक खोटा ठरतो, आणि तो खोटा राहिला तर अपघाताच्या वेळी विमा कंपनीशी वाद उभा राहतो. काम हाती घेण्यापूर्वीच आम्ही प्रादेशिक परिवहन कार्यालयात अर्ज दिला होता. अर्ज कन्नडमध्ये, खरेदीची पावती मराठीत, विम्याचा कागद इंग्रजीत. सीमेवर राहणाऱ्या माणसाला तीन भाषा उगीच येत नाहीत! निरीक्षकांनी दुरुस्त झालेली गाडी स्वतः चालवून ब्रेक पाहिले आणि मगच नवा क्रमांक नोंदविला.

आजच्या वाचकांनी मात्र आमच्या उदाहरणावर विसंबू नये. हे कलम पुढे अधिक कडक झाले, आणि उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केले. म्हणून आता गॅरेजाची पायरी चढण्याआधी परिवहन कार्यालयाची चढावी, आणि परवानगी लेखी हाती पडल्यावाचून एकही बोल्ट सैल करू नये. परवानगी नाही मिळाली, तर आहे तेच इंजिन चांगले दुरुस्त करून माल बेताचा भरावा. आमच्या अनुभवाने सांगतो, तोही मार्ग वाईट नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगून संपवितो. ती गाडी २०११ पर्यंत चालली. दाणोलीपासूनचा चढ ती भरल्या हौद्याने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढे आणि पाणी उकळणे कायमचे थांबले. पतसंस्थेचे कर्ज मुदतीआधी फिटले. आईच्या पाटल्या बंधूंनी २००३ साली पुन्हा करून आणल्या. वजनाला पहिल्यापेक्षा थोड्या अधिक. तिने त्या हातात घालून पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : "लायनर कधी बदललेस रे?"

जुने २११२ चे इंजिन आम्ही भंगारात घातले नाही. सवडीने बोअर करून ते शेतावरच्या विहिरीवर पंपाला जोडले. तेथे त्याला ना घाट, ना वळण; एका संथ लयीत ते पुष्कळ वर्षे पाणी काढीत राहिले. बंधूंजवळ आज नवी गाडी आहे, आणि तिचे ब्रेक निर्मात्यानेच उत्तम दिले आहेत. तरीही आंबोली गाव सोडले की ते गाडी क्षणभर बाजूला घेतात, गिअर खाली आणतात आणि मगच उतरू लागतात. त्यांचा मुलगाही आता गाडी चालवू लागला आहे. तोही तसेच करतो. का, ते त्याला अद्याप कोणी सांगितलेले नाही. हा लेख छापून आला म्हणजे त्याच्या हाती देऊ.